बारा मिनिटं मागे

४ फेब्रुवारी, मंगळवार

अधीक्षकांनी आज वर बोलावलं. मी जिना चढून पोचेपर्यंत मनात दहा शंका. तळघरातल्या माणसाला वरून बोलावणं आलं की काहीतरी बिघडलेलंच असतं.

काम असं : रुग्णालयातली सगळी घड्याळं एका वेळेवर आणायची. भिंतीवरची, संगणकातली, आणि रुग्णाच्या उशाशी असणाऱ्या प्रत्येक यंत्रातली. त्यासाठी एक टाइम सर्व्हर येणार आहे. तो एकटा खरी वेळ सांभाळणार आणि बाकीच्या यंत्रांनी ती त्याला विचारून घ्यायची. उपकरण दुरुस्तीत माझी एकोणतीस वर्षं गेली, तेव्हा कुठल्या यंत्राचं बटण कुठे आहे हे मला ठाऊक, म्हणून मी. संगणकाचं काम बघायला एक नवी मुलगी देणार आहेत.

हे आत्ताच का, ते सगळ्यांना माहीत आहे. बावीस जानेवारीला तिसऱ्या मजल्यावर नऊ नंबरच्या खाटेवरचे आजोबा गेले. त्यांच्या मॉनिटरने धोक्याची घंटा दिली दुपारी दोन सत्तेचाळीसला. सिस्टरच्या कागदावर इंजेक्शनची वेळ आहे तीन वाजून एक मिनिट. मध्ये चौदा मिनिटं. आजोबांच्या मुलाने तक्रार केली, आणि सिस्टरला चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. ती म्हणते, घंटा वाजल्याबरोबर मी धावले. पण यंत्राचा छापील कागद तिच्या विरुद्ध आहे.

“यापुढे कुणी सांगायला नको, की आमच्या घड्याळात इतके वाजले होते,” अधीक्षक म्हणाले. त्यांच्या खोलीतलं घड्याळ सहा मिनिटं पुढे आहे. बैठका लवकर संपाव्यात म्हणून त्यांनीच तसं ठेवलंय, असं म्हणतात.

ऑफिसच्या कामाची नोंद ऑफिसच्या वहीत करीन. ही वही वेगळी. आमची ही लेकीकडे गेल्यापासून संध्याकाळी बोलायला कुणी नसतं. अकरा महिने झाले. नात लहान, लेकीची नोकरी, तेव्हा तिकडे गरज आहेच. येईल.

५ फेब्रुवारी, बुधवार

संगणकवाली मुलगी आली. चष्मा एवढा मोठा, की मनातल्या मनात मी तिचं नाव चष्मेवाली ठेवलं. मला पहिल्या वाक्यापासून “काका” म्हणाली. मी म्हटलं, बरं.

सर्व्हर म्हणजे एक चपटं काळं खोकं निघालं. गच्चीवर त्याची अँटेना बसवली. ती उपग्रहांकडून वेळ घेते.

“आणि बाकीची यंत्रं?” मी विचारलं.

“ती याला विचारणार, किती वाजले? हा उत्तर देणार. पण प्रश्न जायला आणि उत्तर यायला थोडा वेळ लागतो ना काका, तोही मोजायचा. जाऊन येऊन जितका लागला, त्याच्या निम्मा उत्तरात मिळवायचा.”

“आणि एखादं यंत्र मागे असलं तर? झटकन पुढे उडी?”

“नाही. थोडं मागे असेल तर ते जरा भरभर चालायला लागतं आणि हळूहळू गाठतं. फारच मागे असेल तर मात्र ऐकतच नाही. त्याला वाटतं, सर्व्हरचंच काहीतरी चुकतंय.”

“मग?”

“मग कुणीतरी जाऊन हाताने लावायचं.”

ते कुणीतरी म्हणजे मी, हे तिने बोलून दाखवलं नाही. गुणी मुलगी आहे. दुपारी चहाला चला म्हणाली. माझा डबा आहे म्हणून मी गेलो नाही. खरं तर डबा नव्हता. का म्हटलं तसं, कोण जाणे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आधी मोजणी. दोनशे चौदा घड्याळं. चष्मेवालीने सर्व्हरची वेळ दाखवणारा एक टॅब्लेट माझ्या हातात दिलाय. (रुग्णालयात टॅब्लेट म्हटलं की माणसं पाण्याचा ग्लास पुढे करतात.) प्रत्येक यंत्रासमोर उभं राहायचं, दोन्ही वेळा बघायच्या, फरक तक्त्यात लिहायचा.

एकाच छपराखाली किती वेळा नांदतात! दंतविभाग चार मिनिटं पुढे. बाळंतिणींच्या मजल्यावर दोन भिंतींवर दोन घड्याळं, त्यांच्यात सात मिनिटांचा फरक, आणि एका बाईने मला विचारलं, “मग माझ्या मुलाचा जन्म नक्की कितीला झाला?” एक्स-रेचं जुनं यंत्र अजून सोळा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आहे. सगळ्यांत अचूक घड्याळ सापडलं शवागारात. फरक एका सेकंदाच्या आत. तिथे कुणालाच घाई नाही, आणि तिथलंच बरोबर.

हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. घरी येईपर्यंत ते वाटणं निघून गेलं.

९ फेब्रुवारी, रविवार

दहा वाजता हिला फोन केला. दर रविवारी दहाला करतो. नात आता घरभर पळते म्हणे. मी म्हटलं, अरे वा.

मग ती म्हणाली, “अहो, मी त्या दिवशी बोलले, त्याचा विचार केलात का?”

मी म्हटलं, “हो हो. बघू. आधी हा उन्हाळा सरू दे.”

ती गप्प झाली. फोनवर गप्प बसायची तिला सवयच लागली आहे. मग म्हणाली, “माझे दाखले आणि पदविकेचा कागद पाठवून द्या. इथल्या बालवाडीत जागा आहे.”

“पाठवतो की,” मी म्हटलं. बरं आहे, तिकडे असेतो तिचा वेळ जाईल. तिचं शिक्षण तसं वायाच गेलं होतं. कपाटात शोधले. एका पाकिटात सगळे ओळीने लावून ठेवलेले सापडले, वर पत्ताही लेकीकडचाच घातलेला. आधीपासूनच टापटीप बाई.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरा मजला. नऊ नंबरच्या खाटेवर आता एक शिक्षक आहेत. झोपले होते. मॉनिटरचं घड्याळ बघितलं, टॅब्लेट बघितला. परत बघितलं.

बारा मिनिटं चौपन्न सेकंद मागे.

म्हणजे मॉनिटर दोन सत्तेचाळीस म्हणत होता तेव्हा तीन वाजायला आले होते. सिस्टरने कागदावर वेळ लिहिली ती भिंतीवरच्या घड्याळावरून, आणि ते घड्याळ मी तिथल्या तिथे तपासलं : जवळजवळ बरोबर. ती चौदा मिनिटांनी नाही, दीड-दोन मिनिटांत पोचली होती.

मला आनंद झाला. खरंच झाला. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो, या गुडघ्यांनी. म्हटलं, दुरुस्तीचं रजिस्टर काढू, या मॉनिटरला शेवटचा हात कुणी लावला ते बघू आणि कागदासकट अधीक्षकांकडे जाऊ.

रजिस्टरात लिहिलं आहे : सहा जानेवारी, सोमवार. खाट नऊ. आतली बॅटरी बदलली, घड्याळ लावलं. खाली सही आहे. सही माझी.

मग आठवलं. बॅटरी घातली, पडद्यावर तास-मिनिटं भरली, आता फक्त ‘ठीक’चं बटण दाबायचं होतं, तेवढ्यात फोन वाजला. हिचा. सोमवारी कधी करत नाही, म्हणून दचकून बाहेर व्हरांड्यात गेलो. बोलणं झालं, परत आलो, आणि पडद्यावर जी वेळ भरलेली होती तिच्यावरच बटण दाबून निघून गेलो.

फोनमध्ये जुने कॉल अजून आहेत. सहा जानेवारी : अकरा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. त्यात व्हरांड्यातून खोलीत परत यायची आठ-दहा सेकंदं मिळवायची. बाकीचा फरक त्या यंत्राच्या रोजच्या मागे पडण्याचा, तो असतोच.

हिशोब सेकंदापर्यंत जुळतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तक्त्यात नऊ नंबरची ओळ कोरी ठेवली आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चष्मेवाली तक्ता घेऊन बसली होती. “काका, दोनशे तेरा झाली. खाट नऊ राहिली.”

“रुग्ण झोपलेले होते,” मी म्हटलं. “बघतो परत.”

तिने मान हलवली. चष्मा काढून पुसला, परत घातला. म्हणाली, “तिसरा मजला आपण वीस तारखेला जोडतोय. त्याआधी बघाल ना?”

“बघतो म्हटलं ना.”

जरा जोरातच बोललो. ती तक्ता घेऊन उठली. जाताना माझ्या टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवून गेली. तिला काही संशय आला असेल असं वाटत नाही. लहान आहे अजून.

वीस तारखेला मजला जोडला, की सगळं एका वेळेवर येईल. नऊ नंबरचा मॉनिटर एवढा मागे आहे, की तो सर्व्हरचं ऐकणार नाही. म्हणजे तो मलाच हाताने लावावा लागेल. एकदा लावला, की तो मागे होता हे कशावरूनही कळणार नाही.

मी फक्त लिहितोय. ठरवलं काहीच नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पोस्टात गेलो, हिचे दाखले पाठवायला. रांग होती. माझ्यापुढे एक बाई लिफाफ्यावर पत्ता लिहायला पेन शोधत होती. मागे वळून म्हणाली, “पेन आहे का?” आणि मग, “अरे, तुम्ही!”

सिस्टर. साध्या कपड्यांत मी तिला कधी बघितलंच नव्हतं. एकदम बारीक दिसली.

पेन दिलं. तिने पत्ता लिहिला : चौकशी समिती.

“तुमचं घड्याळांचं काम चाललंय म्हणे,” ती म्हणाली.

“हो. चाललंय.”

“बरं झालं. आधी व्हायला हवं होतं.” मग लिफाफा हातात फिरवत म्हणाली, “खुलासा मागितला होता त्यांनी. लिहून टाकलं, झाला असेल उशीर.”

“म्हणजे? तुम्ही तर म्हणत होता...”

“म्हणत होते. पण यंत्राला काय पडलंय खोटं बोलायला? चोवीस दिवस घरी बसून तेच तेच आठवतेय. आता मला आठवतं, की मी घंटा ऐकली आणि तशीच उभी राहिले. खरंच आठवतं. समोर दिसतं. तुम्हाला सांगते, आधी हे आठवत नव्हतं.”

खिडकीपुढचा माणूस बाजूला झाला. तिने लिफाफा दिला. त्यावर शिक्का पडला, धप्प. पेन परत दिलं, येते म्हणाली आणि गेली.

माझं पाकीट पाठवायचं विसरून बाहेर आलो होतो. परत रांगेत उभा राहिलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

दहा वाजता फोन केला नाही. तिचाही आला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या बाजूने काय म्हणता येईल ते आज ओळीने मांडून बघितलं. बॅटरी जुनी होती. यंत्र त्याहून जुनं. घड्याळ लावलं की तपासून बघायचं, असा लेखी नियम नाही. घंटा वेळेवर वाजली होती, औषध वेळेवर मिळालं होतं, म्हणजे माझ्या चुकीने कुणी दगावलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. एकोणतीस वर्षांत माझ्या सहीखाली एकही तक्रार नाही.

सगळं खरं आहे. वाचून बघितलं तर एखाद्या भलत्याच माणसाबद्दल कुणीतरी लिहिल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी जेवलो नाही. भूक नव्हती म्हणून नव्हे. एकट्यासाठी भांडं चुलीवर चढवायचं, हेच मोठं काम वाटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी अकरा वाजता तिसरा मजला जोडला. चष्मेवाली खालच्या खोलीत संगणकासमोर आणि मी वर, फोन कानाला.

“सात आला... आठ आला... दहा आला. काका, नऊ येत नाही. ऐकत नाहीये.”

“थांब,” मी म्हटलं.

शिक्षकांना काल घरी सोडलं होतं. खाट रिकामी, चादर ताणून बसवलेली. मी मॉनिटरचा मेनू उघडला. टॅब्लेटवर बघून तास भरला, मिनिटं भरली. ‘ठीक’वर बोट ठेवलं.

दाबायला काय लागतं? पण समोर पडद्यावर वेळ भरलेली, बटण दाबायचं राहिलेलं, अशा त्याच जागी मी पुन्हा उभा होतो, आणि मला एकदम ती पोस्टातली बाई दिसली. जे घडलंच नाही ते तिला आठवायला लागलं होतं. आणखी महिनाभराने ती शपथेवर सांगेल, मी उभी राहिले होते. जन्मभर सांगेल.

मी बोट उचललं. मेनू तसाच बंद केला.

“पोरी,” फोनवर म्हटलं, “मेट्रनबाईंना घेऊन वर ये. टॅब्लेट आणि मॉनिटर शेजारी धरून फोटो काढायचाय. साक्षीदार हवेत.”

मग ती म्हणाली, “आलेच काका.” धावतच आली असावी, कारण दारात पोचली तेव्हा दम लागला होता. तिने फोटो काढला, मेट्रनबाईंनी सही केली. फरक : तेरा मिनिटं सहा सेकंद. आणखी बारा सेकंदं मागे पडला होता, माझ्या नऊ दिवसांत.

मी रजिस्टर पुढे केलं आणि सहीवर बोट ठेवलं. मेट्रनबाई वाचून म्हणाल्या, “हे तुम्हीच?”

“मीच.”

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अधीक्षक मोठ्या आवाजात बोलत नाहीत. ते वाईट.

“तुम्हाला हे कधी कळलं?”

“अकरा तारखेला.”

“काल वीस होती.”

“हो.”

“सोमवारी समितीसमोर या. फोनची नोंद घेऊन या.”

उठताना मी म्हणालो, “तुमचं भिंतीवरचं घड्याळ आता बरोबर केलंय.” कशाला म्हणालो, देव जाणे. त्यांनी वर घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, जरा वेळ.

२४ फेब्रुवारी, सोमवार

समिती तिघांची. अधीक्षक, मेट्रनबाई आणि बाहेरून आलेले एक म्हातारे डॉक्टर. एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला आजोबांचा मुलगा. माझ्याच वयाचा निघाला. मांडीवर एक पिशवी धरून बसला होता.

चष्मेवालीने फरक समजावून सांगितला, अगदी स्वच्छ. मॉनिटर रोज किती मागे पडतो, सोळा दिवसांत किती पडला असेल, म्हणजे बावीस तारखेला घंटा खरी कितीला वाजली : दोन एकोणसाठला. सिस्टर खाली बघत होती. एकोणसाठ म्हटल्यावर तिने मान वर केली आणि तोंडावर हात ठेवला. रडली नाही.

मुलगा म्हणाला, “म्हणजे बाबांना औषध वेळेवर मिळालं होतं?”

“हो,” म्हातारे डॉक्टर म्हणाले.

“मग ते गेले कसे?”

तो थांबला नाही उत्तरासाठी. पिशवीचे बंद सारखे करत राहिला. इतके दिवस त्याला रागवायला कुणीतरी होतं, ते आज गेलं.

मग माझी पाळी. जे झालं ते सांगितलं. फोन पुढे ठेवला.

“अकरा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद,” अधीक्षकांनी वाचलं. “अर्धवट काम टाकून. कुणाशी बोलत होता?”

“घरचा फोन होता.”

“एवढं काय महत्त्वाचं होतं?”

मी म्हणणार होतो, काही विशेष नाही. तोंडात तेच शब्द आले होते. पण त्या खोलीत सगळे आपापलं खरं पुढे ठेवून बसले होते, आणि मला ते जमेना.

“बायको म्हणाली, ती परत येणार नाही.”

चष्मेवाली टेबलाकडे बघत होती.

“आणि तुम्ही?” अधीक्षकांनी विचारलं. ते चौकशीतलं नसावं.

“मी म्हटलं, बरं, बघू. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग मी म्हटलं, ठेवतो, काम आहे.”

म्हातारे डॉक्टर लिहिणाऱ्याला म्हणाले, “नोंदीत ‘खाजगी फोन’ एवढंच लिहा.”

हे मी या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी लिहिलं, येईल म्हणून. तेव्हा मला ठाऊक होतं. ठाऊक होतं की नव्हतं, आज सांगता येत नाही. सिस्टरला न घडलेलं आठवत होतं, मला घडलेलं आठवत नव्हतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आदेश आला. सिस्टर निर्दोष, सोमवारपासून कामावर. मला लेखी ठपका, आणि निवृत्तीपर्यंत उपकरण दुरुस्तीतून भांडारात बदली. हातमोजे, पट्ट्या आणि चादरी मोजायच्या. भांडारात यंत्र नाही, घड्याळ नाही, खिडकी आहे. तळघरातून वर यायला एवढा खटाटोप करावा लागला, असं मी चष्मेवालीला म्हटलं. ती हसली आणि मग तिचे डोळे भरून आले, म्हणून मी स्क्रूड्रायव्हर लावून ठेवायला लागलो.

“तुला माहीत होतं का ग?” मी विचारलं. “ती ओळ कोरी होती तेव्हा?”

“अकरा तारखेला संध्याकाळी त्या मजल्यावरची तेवढीच ओळ कोरी दिसली, म्हणून मी स्वतः जाऊन बघितलं होतं काका.”

“मग बोलली का नाहीस?”

“वीस तारखेपर्यंत वाट बघायची असं ठरवलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही बटण दाबलं असतं तर बोलले असते. माझ्याकडे फोटो होता.”

म्हणजे सिस्टर कशीही सुटणारच होती. हे कळून मला हलकं वाटायला हवं होतं.

३ मार्च, सोमवार

सामान हलवत होतो तेव्हा सिस्टर तळघरात आली. गणवेशात. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

“तुम्ही पोस्टात माझ्या मागे उभे होता,” ती म्हणाली.

“हो.”

“तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मी लिफाफ्यावर पत्ता लिहायला तुमच्याकडे पेन मागितलं.”

“हो.”

“आणि तुम्ही दिलंत.”

मी म्हटलं, “माझं चुकलं. मला माफ...”

“आत्ता नको,” ती म्हणाली. “आत्ता मला ते घेता येणार नाही.”

दाराशी थांबली. “शेवटी बोललात, ते मला कळतं. घरी आमचे हे म्हणाले, जाऊन तुमचे आभार मानायला हवेत. म्हणून आले होते. पण खाली येईपर्यंत जमेल असं वाटलं होतं, ते जमत नाहीये.” आणि गेली.

तिच्या पावलांचा आवाज जिन्यावर बराच वेळ येत होता. थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचं होतं तिला.

६ मार्च, गुरुवार

भांडारातला चौथा दिवस. साडेपाचला सुटलो. घरी आलो, चहा केला, प्यालो नाही. रविवार नव्हता, तरी फोन लावला.

“काय झालं?” ती एकदम म्हणाली. “आज गुरुवार. बरे आहात ना?”

“बरा आहे. सहजच केला.”

“सहज?” तिचा विश्वास बसला नाही. मागे नात काहीतरी आपटत होती. ही उठून दुसऱ्या खोलीत गेली असावी, आवाज कमी झाला.

“दाखले मिळाले?”

“मिळाले. पंधरा तारखेपासून जायचंय. सकाळची बालवाडी.”

“आवडेल तुला.”

“हो. मला आवडेल.”

मग मी म्हटलं, “तू सहा जानेवारीला बोललीस, ते मी ऐकलं होतं.”

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“ऐकलं होतं, पण घेतलं नव्हतं. आता घेतलंय. ये म्हणायला फोन केलेला नाही.”

“बरं,” ती म्हणाली. आवाज सावध होता, ओली फरशी ओलांडताना माणूस पाऊल टाकतो तसा. मग जरा वेळाने म्हणाली, “संध्याकाळी काय करता हल्ली?”

“लिहितो.”

“लिहिता? तुम्ही? काय लिहिता?”

“दिवसभरात काय झालं ते.”

“मला कधी काही सांगितलं नाहीत.”

मी म्हणणार होतो, तू कधी विचारलंस? शब्द ओठांवर आले, आणि तिथेच थांबले. कारण ती विचारायची. एकतीस वर्षं, रोज संध्याकाळी, मी चपला काढत असताना स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा : आज काय झालं? आणि मी म्हणायचो, काही विशेष नाही. रोज. शवागारातल्या घड्याळासारख्या गोष्टी असतील, एकतीस वर्षांच्या. एकही घरी आणली नाही.

“आहात ना?” ती म्हणाली.

“आहे. तुला वेळ आहे का?”

“बाळाला सातला झोपवायचंय.”

घड्याळात बघितलं नाही. मी सांगायला लागलो. अधीक्षकांनी वर बोलावलं तिथपासून. दंतविभाग, सोळा वर्षांपूर्वीचा मे महिना, त्या बाळंतीण बाईचा प्रश्न, सिस्टर, पेन, सगळं. मला नीट सांगता येत नाही, मागचं पुढे होतं. ती मध्ये “हूं” म्हणत होती. मग तेही थांबलं. ऐकत होती की फोन बाजूला ठेवून नातीकडे गेली होती, मला कळायला मार्ग नव्हता.

फोन चालू होता. मी सांगत राहिलो.